झाकलेला उजेड : हॉकनीच्या डिजिटल रेखाटनांतील अंधार आणि आशावाद

प्रकाश म्हणजे आशा आणि अंधार म्हणजे निराशा, हे समीकरण आपल्या समीक्षाव्यवहारात इतके रुळलेले आहे की त्याचा पुरावा सहसा कोणी मागत नाही. कवितेत पहाट झाली की समीक्षक आशावादाची नोंद करतो. चित्राचा कोपरा काळवंडला की त्याला विषण्णतेचा प्रत्यय येतो. वस्तुतः निदान चित्रकलेपुरते तरी हे समीकरण एका भौतिक व्यवस्थेवर उभे आहे. कागद, कापड किंवा भिंत स्वतः प्रकाशत नाही. तिच्यावर बाहेरून उजेड पडतो आणि त्यातला काही अंश परतून आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. अशा निस्तेज पृष्ठभागावर तेजाचा आभास निर्माण करणे हे चित्रकाराचे कर्तृत्व असते, आणि म्हणूनच त्या आभासाला अर्थ लावण्याचा अधिकार समीक्षकाला मिळतो.

परंतु ज्या पृष्ठभागातून उजेड आपोआपच बाहेर पडत असतो, तेथे या अधिकाराचे काय होते? संगणकाच्या वा दूरध्वनीच्या पडद्यावरील रेखाटन पहिली रेघ ओढण्यापूर्वीच उजळलेले असते. त्या उजेडाचे श्रेय चित्रकाराला द्यायचे की पडदा बनवणाऱ्या कारखान्याला? चौकातला जाहिरातफलकही तसाच उजळतो, आणि त्याच्या प्रसन्नतेला आपण आशावाद म्हणत नाही. डिजिटल चित्रातील आशावादाविषयी काही म्हणावयाचे असेल तर माध्यमाने फुकट दिलेली चमक आणि कलाकृतीने मिळवलेली आशा यांत फरक करता आला पाहिजे. इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉकनी (जन्म १९३७) याने २००९ ते २०२१ या काळात केलेल्या रेखाटनांच्या आधारे हा फरक कोठे करावा लागतो, ते येथे पाहावयाचे आहे. या रेखाटनांतील आशा उजेडाच्या प्रमाणावर अवलंबून नाही. अंधाराला त्यांत कोणते काम दिले आहे आणि प्रत्येक चित्राला तारीख का आहे, या दोन गोष्टींत ती शोधावी लागते.

आधी जुन्या दोन व्यवस्था ध्यानात घेऊ. काराव्हाज्जो आणि त्याच्यामागून आलेले अनेक तैलचित्रकार गडद अस्तर देऊन चित्राला आरंभ करीत. तेथे अंधार आधी असतो आणि उजेड नंतर, रंगाच्या जाड थरांनी, त्याच्यावर चढवला जातो. १५९९-१६०० मधील ‘संत मॅथ्यूला पाचारण’ या चित्रात उजव्या बाजूने शिरणारा उजेड ईश्वरी कृपेसारखा वाटतो याचे एक कारण त्याच्या धार्मिक कथेत आहे. दुसरे या क्रमात आहे. अंधार ही मूळ स्थिती आणि प्रकाश हा हस्तक्षेप. जलरंगाची व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे पांढरा कागद हाच उजेड. चित्रकार तो निर्माण करीत नाही, राखतो. जेथे उजेड हवा तेथे हात आवरतो आणि बाकीच्या जागी पारदर्शक थरांनी अंधार आणतो.

या दुसऱ्या व्यवस्थेचे एक उदाहरण मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२-१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील संग्रहात आहे. (ते राजा रविवर्मा यांचे आहे असे आजही पुष्कळांना वाटते. तैलरंगाची प्रतिष्ठा जलरंगाला किती सहजपणे गिळून टाकते, याचा हा एक नमुना.) साडी नेसलेली तरुणी, एका हातात दिवा, आणि ज्योतीआड धरलेला दुसरा हात. या हातामुळे ज्योत आपल्याला दिसत नाही. दिसतो तो बोटांमधून पाझरणारा तांबूस उजेड आणि चेहऱ्यावरची त्याची आभा. चित्राच्या नावात आशा आहे, पण तिचा उगम झाकलेला आहे. हात दिवा लपवतो आणि त्याच कृतीने त्याला वाऱ्यापासून वाचवतोही. चित्रातला सर्वांत अर्थपूर्ण अंधार तो हात आहे, असे म्हटले तर वावगे होऊ नये. या हाताकडे पुन्हा यावे लागेल.

डिजिटल रेखाटनाचा इतिहास या दोहोंपेक्षा वेगळ्या ठिकाणी सुरू होतो. आयव्हन सदरलँड याने १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे ‘स्केचपॅड’ ही प्रणाली प्रबंधरूपाने मांडली. काळोख्या काचनळीच्या पडद्यावर प्रकाशलेखणी टेकवून रेषा काढता येत असे. ही लेखणी प्रकाश सोडीत नसे. पडद्यावरचा प्रकाश ती टिपत असे. तिच्या नावाने आपली सहज फसगत होते. तिने काढलेली रेषा मात्र उजळ असे, आपल्याकडील पाटीवरच्या अक्षरासारखी. म्हणजे आरंभीचे संगणकीय रेखाटन पाटीच्या कुळातले होते, कागदाच्या नव्हे. पुढे १९८१ मध्ये क्वांटेल या इंग्रजी कंपनीने दूरचित्रवाणीसाठी ‘पेंटबॉक्स’ हे यंत्र बाजारात आणले. त्यात पडदा कागदासारखा पांढराही करता येई आणि त्यावर रंग भरता येत. बीबीसीच्या ‘पेंटिंग विथ लाइट’ या १९८०च्या दशकातील मालिकेसाठी रिचर्ड हॅमिल्टन, सिडनी नोलन इत्यादींबरोबर हॉकनीनेही या यंत्रावर काम केले. त्या प्रयोगातून त्याच्या कलेला लगेच काही वळण मिळाले असे दिसत नाही. यंत्र महाग होते, स्टुडिओत बसवलेले होते आणि ते चित्रकाराच्या खोलीत येऊ शकत नव्हते. हा शेवटचा मुद्दा दिसतो तितका किरकोळ नाही.

२००९ साली ते त्याच्या खोलीत आले, तेही बिछान्यापर्यंत. हॉकनी तेव्हा यॉर्कशरच्या पूर्व किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टन या गावी राहत होता. आयफोनवरील ‘ब्रशेस’ नावाच्या आज्ञावलीने, बोटाने, तो सकाळी जाग येताच खिडकीतून दिसणारी पहाट रेखाटू लागला. खिडकीची चौकट, फुलदाणीतली फुले, पडद्याची कड आणि मागे तांबडे फुटत असलेले आकाश एवढाच बहुधा ऐवज. रेखाटन पुरे झाले की ते तो मित्रांना पाठवून देई. ती पहाट त्यांना त्याच सकाळी मिळे.

या रेखाटनांच्या संभवाची अट लक्षात घ्यावयास हवी. रंगपेट्या आणि कागद घेऊन पहाट रेखाटायची तर दिवा लावावा लागतो. दिवा लावला की खिडकीबाहेरचा अंधुक उजेड मावळतो आणि काचेत खोलीचेच प्रतिबिंब दिसू लागते. पहाट पाहणे आणि ती काढणे या दोन कृती एकमेकींच्या आड येतात. स्वयंप्रकाशी पडद्यामुळे हॉकनीला दिवा न लावता, अंधारात पडून, अंधारातून फुटणारा उजेड काढता आला. त्याने स्वतःही या सोयीचा उल्लेख वारंवार केलेला आहे. पण ही केवळ सोय नाही. काराव्हाज्जोच्या व्यवस्थेत अंधार हा प्रतिपक्ष असतो; येथे तो कामाची जागा आहे. चित्रकार अंधारातच बसलेला आहे आणि त्याला तो घालवायचा नाही. घालवला तर विषयच जाईल.

आता पडद्याच्या घडणीकडे वळू. प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे तीन घटक. तिन्ही पूर्ण असतील तर पांढरा, तिन्ही शून्य असतील तर काळा, हे सर्वज्ञात आहे. यावरून डिजिटल चित्रातील काळा म्हणजे उजेडाचा निखळ अभाव, असा निष्कर्ष काढला जातो. गणिताच्या पातळीवर तो बरोबर आहे. पण हॉकनीने वापरलेले २००९ ते २०२० या काळातील पडदे द्रव-स्फटिकांचे होते. अशा पडद्यात मागे एक दिवा अखंड जळत असतो, आणि पुढचा स्फटिकांचा थर प्रत्येक बिंदूपाशी त्याचा उजेड कमीअधिक अडवतो. जो बिंदू काळा दिसतो तेथेही मागे दिवा लागलेलाच असतो. तो झाकलेला असतो, इतकेच. पूर्ण अंधाऱ्या खोलीत असा पडदा पाहिला तर त्याचा काळा किंचित राखाडी, पाझरता दिसतो. ज्यांत काळा बिंदू खरोखर विझतो असे ओएलईडी पडदे आयफोनमध्ये २०१७ साली आणि आयपॅडमध्ये २०२४ साली आले.

येथे हळदणकरांच्या तरुणीचा हात आठवल्यावाचून राहत नाही. द्रव-स्फटिकांच्या पडद्यावर काळी रेघ ओढणे म्हणजे ज्योतीआड हात धरणे. हे साम्य कल्पनेचा खेळ वाटण्याचा संभव आहे, परंतु त्याला आधार रचनेचा आहे. दोन्ही ठिकाणी उजेड गृहीत आहे, अंधार हे कर्तृत्व आहे आणि चित्राचा अर्थ झाकण्याच्या रीतीवर अवलंबून आहे. यंत्राच्या चमकेचे श्रेय चित्रकाराला देता येणार नाही, हा आक्षेप त्यामुळे अमान्य होत नाही; उलट तो मान्य करूनच पुढे जाता येते. डिजिटल रेखाटनकाराची परीक्षा उजेडावरून करू नये. त्याने कोठे, किती आणि कशासाठी झाकले, यावरून करावी. ब्रिडलिंग्टनच्या पहाटांत खिडकीची चौकट आणि फुलदाणी गडद ठेवलेल्या आहेत, कारण त्या जवळच्या आहेत. जवळचे अंधारात आणि दूरचे उजेडात, ही मांडणी साधी आहे. पण तिच्यामुळेच पाहणारा चित्राच्या खोलीत, अजून न उठलेल्या माणसाच्या जागी, बसवला जातो.

२०१० मध्ये आयपॅड आला आणि पृष्ठभाग वाढला. ब्रिडलिंग्टनजवळच्या वोल्डगेट या जुन्या रोमन रस्त्यावर २०११च्या हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हॉकनीने जी रेखाटने केली, त्यांतील ५१ कागदावर मोठ्या आकारात छापली गेली आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेल्या एका तैलचित्रासह २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडली गेली. ‘वोल्डगेटला वसंताचे आगमन’ या आशयाचे नाव या संपूर्ण रचनेला आहे. सुट्या रेखाटनांना नावे नाहीत, तारखा आहेत.

मर्ढेकरांनी लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन प्रकार कल्पिले, ते येथे उपयोगी पडतात. छायाप्रकाशाच्या युरोपीय परंपरेत आशा ही विरोधलयीतून व्यक्त होते: एकाच चौकटीत काळोख आणि तेज समोरासमोर उभे राहतात आणि तेजाची सरशी होते. वोल्डगेटच्या एखाद्याच रेखाटनात असा विरोध शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. जानेवारीतील चित्र मळकट आहे, निष्पर्ण फांद्या आहेत, रस्त्यावर ओल आहे, बस. विरोध आहे तो या चित्रात आणि पाच महिन्यांनंतरच्या त्याच वळणाच्या चित्रात. म्हणजे लयीचे एकक चौकट नसून मालिका आहे, आणि तिची जोडणी तारीख करते. एकट्या जानेवारीला आशावादी म्हणता येत नाही, तसे एकट्या मेलाही म्हणता येत नाही. मे नुसता हिरवा आहे. मर्ढेकरांची मांडणी अशा कालबद्ध मालिकेला कितपत मानवली असती, हा वेगळा प्रश्न आहे. कवितेला आणि संगीताला ती लागू पडते, तेव्हा येथेही पडावी असे मला वाटते.

छपाईने मात्र एक अडचण निर्माण केली. कागदावर उतरताच रेखाटन परावर्तित उजेडाच्या जुन्या राज्यात परत येते, आणि मागचा दिवा जातो. पडद्यावर सौम्य भासणारे हिरवे छापल्यावर कर्कश वाटतात, सपाट भरलेले भाग पोकळ दिसतात. पुढे २०१८ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीसाठी हॉकनीने ‘क्वीन्स विंडो’ ही रंगीत काचेची खिडकी सिद्ध केली. यॉर्कशरमधील फुललेले हॉथॉर्न हा तिचा विषय, आणि तिचा आराखडा आयपॅडवर केलेला. काचेत मागचा दिवा परत मिळतो, पण तो आता सूर्य असतो. ढगाळ दिवशी मंद होणारा आणि संध्याकाळी विझणारा. पडद्यासाठी विकसित झालेली रेषा छापील कागदापेक्षा या काचेत अधिक सुखाने नांदते, हे माझे मत मी येथे नोंदवून ठेवतो.

आशा उजेडाच्या प्रमाणावर अवलंबून नाही, या विधानाची खरी कसोटी २०१३ मध्ये लागते. २०१२च्या अखेरीस हॉकनीला सौम्य पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता. मार्च २०१३ मध्ये त्याच्या एका तरुण सहायकाचा मृत्यू झाला. त्याच हिवाळ्यात आणि वसंतात त्याने वोल्डगेटवरच्या पाच जागा निवडून, प्रत्येकीची पाच, अशी २५ रेखाटने केली. साधन होते कोळसा. रंग नाही, पडदा नाही, मागचा दिवा नाही. कालक्रम मात्र तोच आणि नावही तेच: वसंताचे आगमन, २०१३. शोकाने त्याला कोळशाकडे नेले असे म्हणण्याचा मोह टाळावा. साधनाची निवड शोकाने होते ही समजूत सोपी आहे, आणि हे काम हिवाळ्यातच सुरू झालेले होते. महत्त्वाचे हे की डिजिटल रेखाटनांत जवळजवळ नसलेल्या पडछाया येथे भरघोस येतात, आणि वसंताची खूण त्याच बनतात. झाडाला पाने फुटल्याशिवाय रस्त्यावर दाट सावली पडत नाही. शेवटच्या रेखाटनांत काळा वाढतो, कारण पालवी वाढली आहे. आगमन काळ्यानेच सांगितले आहे.

सावलीविषयी हॉकनीने दीर्घकाळ विचार केलेला आहे, आणि तो इतिहासकाराच्या उत्साहाने केलेला आहे. पडछाया रंगवणे ही मुख्यतः युरोपीय सवय आहे. चिनी, जपानी, इराणी, भारतीय चित्रपरंपरांनी तिच्यावाचून शतके काढली, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. चिनी लांब गुंडाळीचित्रावर १९८८ साली फिलिप हास याच्यासह त्याने एक चित्रपटही केला. आपल्या लघुचित्रांचा अनुभव याला पूरक आहे. बहुतांश मोगल आणि पहाडी रात्रचित्रांत आकाशात तारे असतात, मशाली असतात, पण अंधारामुळे कोणताही चेहरा दिसेनासा होत नाही. रात्र तेथे एक वार्ता असते.

२०१९ मध्ये हॉकनी नॉर्मंडीत राहावयास गेला. अकराव्या शतकातील सुमारे ७० मीटर लांबीचे बायोचे भरतकाम तेथून जवळ आहे. त्यात पडछाया नाहीत. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने युरोप बंद होत असताना त्याने आयपॅडवर काढलेली डॅफोडिलची फुले प्रसिद्ध केली. वसंत कोणाला रद्द करता येत नाही, असे बजावणारे शीर्षक त्या चित्राला होते. या शीर्षकामुळे ते जगभर पोचले, आणि माझ्या मते त्यामुळेच थोडे उणावलेही. वोल्डगेटच्या तारखांनी जे न बोलता केले होते ते येथे घोषणेने केले आहे. २०२०च्या त्या वसंतातील ११६ रेखाटने रॉयल अकॅडमीत दाखवली गेली ती साथीमुळे पुढे ढकलून, मे २०२१ मध्ये. काही समीक्षकांना ती उथळ, यांत्रिक आणि बेफिकीर वाटली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. माणसे मरत असताना सफरचंदाचा मोहर काढीत बसणे हा आशावाद की पाठ फिरवणे? मोहराच्या काही छापील चित्रांपुढे उभे राहिल्यास उत्तर दुसऱ्या बाजूला झुकते. त्यांत काहीही झाकलेले नाही आणि म्हणून काही राखलेलेही नाही. पण त्याच वर्षी त्याने रात्री बाहेर पाहून चंद्राची रेखाटने केली. पॅरिसच्या फोंदासियाँ लुई व्हितोंमधील २०२५च्या प्रदर्शनात ती एकत्र मांडली गेली. त्यांत ब्रिडलिंग्टनची युक्ती परत येते: दिवा न लावता, उजळ पडद्यावर, बहुतेक पृष्ठभाग झाकून टाकायचा आणि थोडाच उघडा ठेवायचा. मोहराच्या चित्रांना लागणारी साक्ष ही चंद्रचित्रे देतात. ती वगळून केवळ फुले पाहणाऱ्या समीक्षकांनी मालिकेचे एक पान वाचून निकाल दिला, असे म्हणावे लागेल.

या कालखंडातील आणखी एक कृती उरते. आयपॅडवरचे रेखाटन रेघेमागून रेघ पुन्हा चालवून पाहता येते. २०१०च्या पॅरिसमधील प्रदर्शनापासून हॉकनी ही पुनरावृत्ती दाखवीत आला. मे २०२१ मध्ये त्याने सूर्योदयाचे असे एक अडीच मिनिटांचे चलत् रेखाटन लंडन, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, टोकियो आणि सोल येथील चौकांतील अजस्र जाहिरातफलकांवर दाखवले. सूर्याकडे किंवा मृत्यूकडे फार वेळ पाहता येत नाही, हे ला रोशफुकोच्या सतराव्या शतकातील सुभाषिताशी नाते सांगणारे त्याचे शीर्षक. आरंभी उल्लेखिलेला जाहिरातफलक येथे प्रत्यक्ष माध्यम झाला, आणि त्याच्या विकाऊ चमकेला तेवढ्या वेळापुरते एका तारखेचे आणि एका मर्यादेचे स्मरण देण्यात आले. लंडनच्या पिकॅडिली चौकात तो सूर्योदय रोज संध्याकाळी ८ वाजून २१ मिनिटांनी दाखवला जाई. मे महिन्यात त्या शहरात याच सुमारास सूर्य मावळतो.